पंचवीस हॉर्सपॉवर

केळशीकर काका कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी विजेचा मीटर बघत. मग पंखा, मग कूलर, मग कोपऱ्यात गुरगुरणारा स्टॅबिलायझर. बघून झालं की खुर्चीत टेकत आणि चहा यायच्या आत निकाल देत. "हा कूलर या खोलीला मोठा आहे." "मोटर मोठी घेतलीत आणि पाईप अर्ध्या इंचाचा. मग पाणी वर कसं येणार?" बोलणं अगदी हळू. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यात राग नसे, टोमणाही नसे. दुकानदारानं वजन सांगावं तसं ते सांगत. चहा येईपर्यंत यजमानाचं तोंड उतरलेलं असे आणि काकांना त्याचा पत्ता नसे. निदान मला बरेच दिवस तसं वाटत होतं.

मी त्यांची भाडेकरू. नव्वदीच्या दशकाच्या मधल्या वर्षांत माझी लखनौला बदली झाली. केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी होते, तिशी ओलांडलेली, एकटी. एकट्या बाईला घर द्यायचं म्हटलं की लोक वडिलांचं विचारत, जातीचं विचारत, लग्न का झालं नाही ते विचारत. सरोजिनी नगरला, कानपूर रोडपासून थोडं आत, एक दुमजली घर होतं. त्याच्या मालकांनी मला एवढंच विचारलं, "गीझर आहे का तुमच्याकडे?"

"आहे."

"किती किलोवॅटचा?"

"ते नाही माहीत."

"अहो, तिला आधी बसू तरी द्या," आतून काकू म्हणाल्या आणि पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या. "कुठली गं तू? साताऱ्याची? बस. यांचं चालायचंच."

यांचं चालायचंच, हे कुसुमकाकूंचं पालुपद होतं. नवऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागून ते येई, सांडलेलं पुसावं तसं. केळशीकर काका रेल्वेतून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी डिझेल इंजिनांच्या चाचण्यांवर गेली. इंजिन चाचणीच्या बाकावर चढवायचं, भार वाढवत न्यायचा, ते कुठे दम टाकतं ते बघायचं. माणूस हाडकुळा, उंच, उन्हाळ्यातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलेलं. मूळचे रत्नागिरीकडचे, केळशीचे. लहानपणी हर्णैच्या बंदरात लांब उभ्या राहणाऱ्या आगबोटी आणि उतारूंना तिथवर नेणारे पडाव त्यांनी बघितले होते. नंतरचं सगळं आयुष्य समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब गेलं. त्याबद्दल ते कधी हळवं बोलले नाहीत. फक्त पावसाळ्यात गोमतीला पाणी चढलं की संध्याकाळी स्कूटर काढून पुलावर जात आणि पाणी बघून परत येत.

त्यांचं बहुतेक वेळा बरोबर ठरे आणि लोकांना नेमकं तेच सहन होत नसे. शेजारी त्रिपाठीजी राहत. त्यांच्या नातवाच्या मुंडनाला दीडशे माणसांची दावत होती. लखनौच्या उन्हाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नसे, म्हणून त्यांनी भाड्यानं जनरेटर आणवला. काका सकाळीच कुंपणापाशी गेले, जनरेटरवरची पट्टी वाचली आणि म्हणाले, "त्रिपाठीजी, यह छोटा है. लाइट, पानी की मोटर, हलवाई का ब्लोअर, सब साथ चलेंगे तो बैठ जाएगा."

त्रिपाठीजींनी हात जोडले. "भाई साहब, आज के दिन तो शुभ-शुभ बोलिए."

पहिली पंगत बसली आणि वीज गेली. जनरेटर सुरू झाला, दोनदा ठसकला आणि बंद पडला. अंधारात माणसं, पत्रावळी, रडणारी पोरं. त्या गोंधळात काकांचा हळू आवाज सगळ्यांना ऐकू आला. "मैंने सुबह ही कहा था."

हे म्हणून झाल्यावर ते बाही सरसावून मागे गेले, अर्ध्या तारा सोडवल्या, निम्मे दिवे आणि पाण्याची मोटर जनरेटरवर ठेवली आणि पंगत उठायच्या आत उजेड आणून दिला. हाताला तेल लागलं, मनगट भाजलं. पण गल्लीच्या लक्षात राहिलं ते त्यांचं एक वाक्य. त्रिपाठीजी पुढे कितीतरी दिवस कुणाला सांगताना काकांचीच नक्कल करून सांगत. जनरेटर कुणी चालू केला ते सांगायचं त्यांच्याकडून राहून जाई.

काकांना एकच मुलगा, उदय. तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा असेल. जन्मला, वाढला लखनौत. आईशी मोडकं मराठी, बापाशी हिंदी. मराठी त्याला सगळं समजे, पण काका मराठीत विचारत आणि तो हिंदीत उत्तर देई. इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. काकांनी तिसऱ्यांदा बसू दिलं नाही. ओळखीच्या एका कारखान्यात त्याला स्टोअरकीपर म्हणून लावून दिलं. नटबोल्ट मोजायचे आणि कपाटात ठेवायचे.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी एक गोष्ट बघितली. आरती झाली होती. कुणीतरी सहज विचारलं, "केळशीकर, मुलाचं काय? पुढे काही शिकतोय का?"

"नाही," काका म्हणाले. "पाच हॉर्सपॉवरचा पंप आहे तो. शेतात बसवला तर वर्षानुवर्षं चालेल. त्याला आगगाडी ओढायला लावली तर त्याचीही वाट लागेल आणि गाडीचीही."

चारदोन माणसं हसली. उदय प्रसादाचं ताट घेऊन रांगेत वाटत वाटत आमच्यापाशीच आला होता. त्यानं माझ्या हातावर मोदक ठेवला, मग बापाच्या हातावर ठेवला आणि पुढे गेला. काकूंनी या वेळी त्यांचं पालुपद म्हटलं नाही.

मला वाटतं काकांना तो अपमान वाटतच नव्हता. कुणावर त्याला पेलणार नाही एवढा भार टाकू नये ही त्यांची माया होती, आणि मायेचं त्यांना एवढंच येत होतं.

बोट त्यांनी निवृत्तीनंतर बांधायला घेतली. मी राहायला गेले तेव्हा मागच्या अंगणात तिचा सांगाडा उभा होता. अठ्ठावीस फूट लांब, पोलादी पत्र्याची, पोट गोल आणि भरीव. वर छोटी केबिन, मागे बसायला उघडी जागा. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून विमानं उतरत आणि खाली काका बोटीच्या पोटात बसून ठोकत असत. बेत असा की पावसाळा संपता संपता गोमतीला पाणी असताना निघायचं, गोमती गंगेला मिळते तिथवर जायचं, पुढे काशी. आणि त्याच बोटीनं परत.

"मला काशीला जायचंय असं मी कधी म्हटलं का गं?" काकू मला म्हणायच्या. "आणि जायचंच झालं तर गाडीनं संध्याकाळपर्यंत पोचतो माणूस. मला पाण्याची भीती वाटते. हे त्यांना लग्नाआधीपासून ठाऊक आहे."

एका रविवारी कपडे वाळत घालायला खाली गेले तर काका अंगणातल्या लांबट हौदापाशी उभे होते. लाकडाची हातभर बोट कोरलेली. तिला दोरी, दोरी हौदाच्या टोकाला लावलेल्या कप्पीवरून खाली सोडलेली आणि टोकाला वजन. वजन सोडलं की ते खाली जाई आणि बोट पाण्यातून ओढली जाई. उदय मागच्या दारात चहा पीत उभा होता.

"बघा," काका मला म्हणाले. त्यांनी लहान वजन लावलं. बोट सुरेख गेली. दुप्पट लावलं, ती जरा जोरात गेली. मग एकदम चौपट लावलं. बोटीचं नाक वर उठलं, शेपूट दबलं आणि हौदाच्या काठावरून पाणी माझ्या पायांवर आलं.

"वेग किती वाढला?"

"फारसा नाही. लाट मोठी झाली."

"बोट चालते तेव्हा एक लाट पुढे करते, एक मागे. जोर वाढवला की त्या दोन लाटांमधल्या खड्ड्यात ती बसते. मग कितीही ताकद लावा, स्वतःच केलेली चढण ती चढत राहते. डिझेल जळतं, पाणी उसळतं, बाकी काही नाही. पाण्यावरून उडत जाणाऱ्या बोटी असतात, पण त्या हलक्या असतात, चपट्या तळाच्या. ही ती नव्हे. ही ताशी बाराएक किलोमीटर जाईल. त्याच्या पुढे हाव."

"मग इंजिन केवढं घ्यायचं?"

"वजनावर ठरतं. सामान, माणसं धरून पाच टन. टनाला चार हॉर्सपॉवर धरले तर वीस होतात. वर परतीचे पाच."

"परतीचे म्हणजे?"

"जाताना नदी ढकलते, येताना अडवते. समोर वारा असला तर तोही. लोक जाण्याचा विचार करून इंजिन घेतात. इंजिन घ्यायचं ते परत येण्यासाठी. पंचवीस. यात कमी करायचं नाही आणि वाढवायचंही नाही."

"पच्चीस में क्या होगा, बाबा," दारातून उदय म्हणाला. "लोग हँसेंगे."

"कोण लोक?"

उदयनं चहा संपवला. कप विसळून आत गेला. काकांनी तोवर पुन्हा मोठं वजन लावलं होतं. "आणि मोठं बसवलंच कुणी आणि जोरात असताना एकदम बंद केलं, तर हे होतं," असं म्हणून त्यांनी बोट मध्यावर आली असताना दोरी गच्च धरली. बोट जागेवर थांबली. तिच्यामागून येणारी लाट मात्र थांबली नाही. ती शेपटावरून आत आली आणि हातभर लाकूड माझ्यासमोर भरून पाण्याखाली गेलं.

उदयनं हे बघितलं नाही. तो आत गेला होता.

त्याच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. राजू सक्सेना म्हणून त्याचा शाळेपासूनचा मित्र मंडप-सजावटीच्या धंद्यात होता. दोघांनी ठरवलं होतं की बोट गोमतीवर चालवायची. संध्याकाळच्या फेऱ्या, वाढदिवस, पार्ट्या. लखनौत तसं तेव्हा काही नव्हतं. उदयला कारखान्यातलं ते कपाट सोडायचं होतं. आईला त्यानं सगळं सांगितलं, आणि काकूंनी एके दिवशी जेवताना विषय काढला. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच जेवत होते.

"काशीला मी येणार नाही," काकू म्हणाल्या. "तेव्हा बोट त्याला द्या. त्याला काहीतरी स्वतःचं करू द्या."

काका बराच वेळ भात कालवत राहिले. "देईन," ते म्हणाले. "पण इंजिन पंचवीसचं."

"राजू कहता है लोगों को स्पीड चाहिए," उदय म्हणाला. "सौ-सवासौ का ट्रक का इंजन मिल रहा है."

"राजूला बोटीतलं काय कळतं? आणि तुला काय कळतं?"

"मुझे कुछ नहीं आता. मालूम है." उदय पानावरून उठला.

त्याच महिन्यात केळशीहून निरोप आला. काकांचे थोरले भाऊ अखेरच्या घटका मोजत होते. काका तिकडे गेले. भाऊ वारल्यावर दिवसकार्य, जमिनीच्या सह्या यांत अडकले, आणि परत आले तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. अंगणात बोट तयार होती. पांढरा रंग, निळी पट्टी. आणि भंगारात निघालेल्या ट्रकचं इंजिन तिच्या पोटात बसवलेलं. केबिनखालच्या जागेत ते मावलं नव्हतं म्हणून मागे सरकवून, अगदी शेपटाशी.

मी वरच्या गॅलरीतून बघत होते. काकांनी पिशवी खाली ठेवली. बोटीभोवती एक फेरी मारली. शेपटाच्या पत्र्यावर हात ठेवून तिथेच जरा वेळ थांबले. मग घराकडे वळले. काकू दारात उभ्या होत्या.

"आता एक शब्दही बोलू नका," त्या म्हणाल्या. "जन्मभर बोललात. मी ऐकलं, त्यानं ऐकलं. यात त्यानं रात्रीचा दिवस केलाय. एवढं एकदा गप्प राहा."

"बरं," काका म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

ते खरंच गप्प राहिले, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. बोटीच्या बाजूनं जाताना ते मान दुसरीकडे करत. एका सकाळी ऑफिसला निघताना जिन्यावरून मी उदयला बोलताना ऐकलं. तो बोटीखालून बाहेर आला होता, हात काळे. "बाबा, एक बार देख लीजिए न. शाफ्ट ठीक बैठा है? पीछे वजन ज़्यादा तो नहीं?"

काका वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पान उलटलं. "तुझ्या आईनं बोलू नको म्हणून सांगितलंय."

उदयनं हात फडक्याला पुसले. मग पुन्हा बोटीखाली गेला.

थंडीतल्या एका सकाळी बोटीची पहिली फेरी मारायची ठरली. शहराच्या वरच्या अंगाला एक मोकळा घाट आहे. आदल्या दिवशी क्रेननं बोट नदीत सोडली होती. राजूनं झेंडूच्या माळा आणल्या होत्या. त्रिपाठीजी आणि गल्लीतले काही लोक, उदयच्या कारखान्यातले दोघंतिघं, घाटावरचे मल्लाह, म्हणजे नावाडी. काका येणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते आले. लोकरीचा कोट, मफलर. पायऱ्यांवर माझ्या शेजारी उभे राहिले.

काकूंनी बोटीवर नारळ फोडला. उदयनं इंजिन सुरू केलं तसे समोरच्या काठावरचे बगळे उडाले. आवाज एवढा की माणूस शेजारच्याशी बोलू शकेना. उदयनं आईपुढे हात केला, काय म्हणाला ते काकूंनी मला नंतर सांगितलं. "आई, चलो ना. पहिला चक्कर तुमचा." काकू मागे सरकल्या. मग त्यांनी आमच्या दिशेला, नवऱ्याकडे बघितलं. आजही मी ते बघणं विसरलेले नाही. एवढ्या लांबून त्या काहीतरी विचारत होत्या. काकांचा चेहरा हलला नाही. काकूंनी पदर खोचला, मुलाचा हात धरला आणि त्या बोटीत चढल्या. राजू पाठोपाठ चढला.

बोट वरच्या बाजूला गेली. नाक उचललेलं, शेपूट पाण्याला टेकलेलं, मागे कंबरेएवढी लाट. त्या लाटेनं काठाला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटल्या आणि मल्लाह शिव्या देऊ लागले. घाटावरची मंडळी टाळ्या वाजवत होती. दूर वळण घेऊन बोट पुन्हा आमच्याकडे येऊ लागली, पूर्ण जोरात. उदयला घाटासमोर येऊन एकदम थांबायचं होतं, सगळ्यांच्या नाकासमोर. बापाच्या नाकासमोर.

"आता एकदम बंद करेल," काका म्हणाले.

नेहमीच्या हळू आवाजात. मला ऐकू आलं ते त्यांचं तोंड माझ्या कानापाशी होतं म्हणून. मला वाटलं ते काय चाललंय ते सांगताहेत. त्यांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

उदयनं इंजिन बंद केलं. बोट थबकली. मागून येणारी लाट शेपटावरून सरळ आत चढली, दुसरी तिच्यामागून. मागच्या उघड्या जागेत, जिथे काकू बसल्या होत्या, तिथे आधी पाणी दिसलं आणि मग काहीच दिसेना. इंजिनाच्या वजनानं बोट शेपटाकडून बसली, नाक आकाशाकडे, निळी पट्टी उभी.

मल्लाहांनी उड्या टाकल्या. उदयनं आईला एका हातानं धरून ठेवलं होतं, राजू पोहत काठाला लागला. काका कोटासकट छातीएवढ्या पाण्यात उतरले होते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे ही हकिकत सांगताना लोक एवढंच गाळत. काकूंना होडीत घेतलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते.

त्या वाचल्या. छातीत पाणी गेलं होतं, न्यूमोनिया झाला, बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले. मी ऑफिसातून सुटल्यावर थर्मासमधून पेज घेऊन जात असे. ताप उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काका खाटेजवळ स्टुलावर बसले होते. उदय औषधं आणायला खाली गेला होता. काकूंचा आवाज तेव्हापासून घोगरा झाला तो कायमचाच.

"तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"इंजिन बघितलं त्या दिवसापासून."

"मी चढले तेव्हाही?"

"तेव्हाही."

मी उठले. काकूंनी मला हातानं थांबवलं, जणू त्यांना साक्षीला कुणीतरी हवं होतं.

"मग?"

"तू म्हणाली होतीस, एक शब्दही बोलू नका."

मला वाटलं काकू रडतील किंवा संतापतील. त्यांनी तसं काही केलं नाही. "आत्ता तरी खोटं बोलायचं होतंत," त्या म्हणाल्या आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

मी काकांच्या मागे बाहेर व्हरांड्यात गेले. इतका ताठ माणूस, पण भिंतीला टेकून उभा होता. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, तुम्ही ओरडला असतात तरी त्या आवाजात काही ऐकू गेलं नसतं."

त्यांनी त्यावर नीट विचार केला. मग मान हलवली. "नसतं गेलं. पण हे मला आत्ता तुम्ही म्हटल्यावर सुचतंय. तेव्हा माझ्या मनात ते नव्हतं. तेव्हा मी बघत होतो, मी म्हणतो तसं होतं का."

मी त्यांना एक वाट काढून दिली होती आणि ती त्यांनी घेतली नाही. त्या क्षणी मला त्यांचा जितका राग आला तितका आधी कधी आला नव्हता. नंतर पुष्कळदा वाटलं, दुसऱ्या कुणी ती घेतली असती, मीसुद्धा.

दवाखान्यातून काकू घरी आल्या नाहीत. उदयला बख्शी का तालाबकडे, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, ट्रॅक्टरच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं. तिथे शेताच्या कडेला दोन खोल्या घेऊन मायलेक राहू लागले. बोट नदीतून काढली ती भंगारवाल्यानं घाटावरच कापून नेली. खाली काका एकटे. सकाळी एक डबेवाली येई. ते कुणाकडे जाईनासे झाले. एकदा वीज गेली असताना त्रिपाठीजी स्वतः बोलवायला आले, नवा जनरेटर घेतला होता तो बघायला. काका गेले, उभ्या उभ्या म्हणाले, "अच्छा है," आणि परत आले. जनरेटर त्या घराला भलताच मोठा होता, ते मलासुद्धा कळत होतं.

मी रविवारी कधीमधी काकूंकडे जाई. निघताना काका फाटकापाशी असत. तिकडचं काही विचारत नसत. "स्वेटर घ्या. तिकडे मोकळ्यावर वारा असतो," एवढंच म्हणत. काकूही त्यांचं कधी विचारत नसत. तिथे उदय मराठीत बोलायचा प्रयत्न करू लागला होता, आईसाठी. काकू हसत, त्याचं व्याकरण सुधारत. त्या घरात मी त्यांना नवऱ्याच्या घरात होत्या त्यापेक्षा जास्त हसताना पाहिलं आणि ते बघून मला बरंही वाटे आणि परतताना वाईटही.

दीडएक वर्षानं उदयचं लग्न ठरलं. झाशीची मराठी मुलगी. तो स्वतः बापाला सांगायला आला. घरात आला नाही. फाटकाबाहेर मोटरसायकलवरच बसून राहिला, इंजिन चालू ठेवून. मी वरून ऐकत होते. "लग्नाला तुम्ही यायचं आहे," तो म्हणाला. बापाशी त्यानं मराठीत बोललेलं मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. परक्या माणसाला आमंत्रण द्यावं तसं स्वच्छ. "गुरुजी म्हणाले, दोघं लागतात."

"येईन," काका म्हणाले.

लग्न आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये होतं. माझी बदलीची ऑर्डर आलेली होती, पुढच्या आठवड्यात मी लखनौ सोडणार होते. काकांना मी शेवटचं बघितलं ते तिथे. सकाळचे विधी चालले होते. गुरुजींनी वराच्या आईवडिलांना पाटांवर बसवलं. काकांनी सोवळं नेसलेलं, उघड्या अंगावर उपरणं. उघड्या अंगाचे काका मी कधी बघितले नव्हते. छातीच्या फासळ्या मोजता येतील इतके वाळले होते. काकू त्यांच्या उजवीकडे, हिरवा शालू, नजर समोरच्या कलशावर. पूर्ण दीड वर्षात ती दोघं पहिल्यांदाच इतक्या जवळ आली होती.

"यजमान, हातात पाणी घ्या. वहिनी, यांच्या हाताला हात लावा," गुरुजी म्हणाले आणि संकल्प सांगू लागले.

काकूंनी हात पुढे केला. मी बाजूच्या खुर्चीवर होते म्हणून मला दिसलं. त्यांची बोटं काकांच्या दंडापाशी आली आणि तिथेच थांबली, लागली नाहीत. मध्ये एखादा दोरा जाईल एवढी फट असेल. फोटोग्राफर समोर होता, त्याला ती दिसणं शक्य नव्हतं. काकांना कळलं असणारच. थोडा दंड सरकवला असता तरी स्पर्श झाला असता. त्यांनी तो सरकवला नाही. मात्र त्यांचा हात थरथरायला लागला आणि तळहातावरलं पाणी ताम्हनाबाहेर सांडू लागलं.

गुरुजींनी पोथीवरून मान वर केली. "वहिनी, हात नीट धरा. पाणी सांडतंय यांचं."

काकू हलल्या नाहीत. काकांनी आपल्या डाव्या हातानं आपलंच उजवं मनगट घट्ट धरलं आणि हळू आवाजात म्हणाले, "चालू द्या, गुरुजी."